मारेकरी, तीन विश्वं आणि हर्णे बंदर

मारेकरी आणि समांतर विश्वं एकाच कादंबरीत आणली की पहिली अडचण उभी राहते ती मरणाचीच. या विश्वात ज्याला मारलं तो शेजारच्या विश्वात जिवंत आहे, त्याच्या पलीकडच्या विश्वात तर तो मारेकऱ्याचा जिवलग मित्र आहे, आणि विश्वांना अंत नाही. मग वाचकाने जीव टांगणीला लावायचा तो कुणासाठी? अशा कथानकातला जोर ओसरतो तो इथेच. लेखक नवनवी विश्वं उभी करत जातो, प्रत्येक विश्वात एकेक मुडदा पाडतो, आणि दर खुनागणिक खुनाचं मोल घसरत जातं.

म्हणून अशी कादंबरी लिहायला घेणाऱ्यांना माझं पहिलं आणि मुख्य सांगणं असं, की मरण महाग ठेवा. विश्वं कितीही असोत, मेलेला माणूस मेलाच पाहिजे. त्याच्यामागे कुणी रडणारं असलं पाहिजे आणि मारणाऱ्याला तो भार जन्मभर वाहावा लागला पाहिजे. हे कसं साधायचं ते हवेत सांगून उपयोग नाही, एखाद्या गावाच्या मातीत उभं राहून सांगावं लागेल. मी त्यासाठी दापोली तालुक्यातलं हर्णे निवडतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, शेजारी पाजपंढरी, संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव. इतिहासाला फाटा फुटावा अशी जागा कोकण किनाऱ्यावर शोधायची तर हर्ण्याइतकी भरदार जागा मला दुसरी दिसत नाही.

आधी आपल्या घरातलं धन पाहू. समांतर विश्वाची मराठीतली सर्वांत ठसठशीत कथा जयंत नारळीकरांची, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचा इंग्रजी अवतार अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे देशभरच्या मुलांनी ती वाचली आहे. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा विश्वात जाऊन पोचतात जिथे पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. आपल्या विश्वात विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते. एवढाच फरक. पण त्या एका गोळीने पुढचा सगळा हिंदुस्थान बदलतो. गंगाधरपंत परततात तेव्हा खिशात तिथल्या बखरीचं एक फाटकं पान असतं. शब्द जवळपास तेच, पण गोळीचं वाक्य वेगळं.

नव्या लेखकाने ही कथा वहीत उतरवून काढावी, एकेक वाक्य तपासावं. नारळीकरांनी फाटा एकच घेतला, तोही प्रत्येक मराठी माणसाच्या जिव्हारी लागलेला. पुरावाही एकच ठेवला, हातात धरता येईल असा. शास्त्रीय स्पष्टीकरण शेवटी आणलं, कारण वाचकाला आधी धक्का बसावा आणि मग कारण कळावं. आणखी एक बारकावा पुष्कळ जण नजरेआड करतात. तिथल्या मुंबईत गंगाधरपंत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचा कुणी तिथे कामालाच नाही. या बारकाव्याकडे मी पुढे येणार आहे, कारण मारेकऱ्याच्या कादंबरीचा सगळा डोलारा त्यावर उभा राहतो.

आता हर्ण्याचा फाटा. 1755 सालचा एप्रिल महिना. सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यात आहे. कान्होजींचा हा मुलगा पेशव्यांना जुमानत नाही, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी हातमिळवणी केली आहे. कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे जहाज घेऊन हर्ण्यासमोर येतो आणि 2 एप्रिलला समुद्राच्या बाजूने किल्ल्यावर मारा सुरू करतो. दिवसभर तोफा डागूनही तटाला खिंडार पडत नाही, कारण त्या बाजूची भिंत मुळात कातळातूनच तासून काढलेली. इंग्रजांच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या हकिगतीत पुढचा प्रसंग येतो तो असा: रात्री किल्ल्यातला एक माणूस फितूर होऊन जहाजावर आला आणि त्याने सांगितलं, की या बाजूने मारा करून काही साधणार नाही. दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाजं बेट आणि किनारा यांच्यामध्ये आणली. तिथून टाकलेल्या एका गोळ्याने आत गवताने शाकारलेलं कोठार पेटलं, आग दारूकोठारापर्यंत गेली, स्फोट झाला, आणि मग किल्ला फार काळ तग धरू शकला नाही.

त्या फितुराचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. कादंबरीकाराला यापेक्षा मोठी देणगी कोणती? पेशवा, सरखेल, कमोडोर ही मोठी माणसं सगळ्यांना दिसतात. त्यांच्यावर फाटा ठेवला की कादंबरी इतिहासाच्या परीक्षेसारखी वाटू लागते. पण अंधारात तटावरून दोर सोडून उतरणारा एक बिननावाचा माणूस, त्याच्या हातातला दोर काचला, किंवा पहाऱ्यावरच्या शिपायाला त्या वेळी खोकला आला आणि तो जागा राहिला, एवढ्यावर सुवर्णदुर्ग टिकतो.

टिकला तर पुढे काय? इथे घाई करू नका, कारण विज्ञान कादंबरीचा प्रामाणिकपणा याच जागी कळतो. ‘मग मराठ्यांनी लंडन जिंकलं’ असं लिहिणं सोपं आहे आणि खोटं आहे. पायरी-पायरीने चला. एप्रिल सरला की महिना-दीड महिन्यात पावसाळा. शिडाच्या जहाजांना कोकण किनारा सोडून सुरक्षित बंदर गाठावंच लागतं. म्हणजे जेम्स रिकाम्या हाताने मुंबईला जातो आणि आंग्र्यांना एक पावसाळा मिळतो. आपल्या विश्वात 1755 च्या अखेरीस रॉबर्ट क्लाईव्ह आणि ॲडमिरल वॉटसन मुंबईला पोचले होते, त्यांनी फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्ग घेतला, बंदरात नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं, आणि ते दोघे मोकळे होऊन पूर्वेकडे गेले. जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतल्यावर बंगालवर चालून जायला तेच दोघे हाताशी होते. 23 जून 1757 ला प्लासी झाली. आता सुवर्णदुर्ग पडलाच नसेल, पेशव्यांचा आणि इंग्रजांचा तह त्या अपयशाने ढिला झाला असेल, आणि क्लाईव्ह दोन मोसम कोकणातच अडकला असेल तर? कलकत्त्याला जायला उशीर होतो. प्लासीची लढाई होते की नाही, हे आता तुमच्या हातात आहे. साखळीतला प्रत्येक दुवा असा तपासून पुढे गेलात तर वाचक तुमच्याबरोबर कुठेही येईल.

या फाट्याचा पुरावाही इतिहासाने तयार ठेवला आहे. लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिलवर झाडीत एक तिकोनी मनोरा उभा आहे, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हे नाव म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोने 1784 मध्ये नवऱ्याच्या विजयाची आठवण म्हणून तो बांधवला. ज्या विश्वात सुवर्णदुर्ग पडला नाही, त्या विश्वात ती टेकडी मोकळी आहे. हर्ण्याचा तुमचा नायक खिशात त्या मनोऱ्याचं जुनं पोस्टकार्ड घेऊन पलीकडे गेला, तर तिथल्या लोकांसाठी ते जगात नसलेल्या इमारतीचं चित्र ठरेल.

हर्ण्यात दुसरा मोहही आहे. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हार पत्करल्यावर दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला तो कोकणात उतरून सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला, आणि तिथून समुद्रमार्गे वसईला गेला. 31 डिसेंबरला वसईचा तह झाला. किनाऱ्यावरचा एक मारेकरी आणि पळून आलेला पेशवा, इतका तयार प्रसंग पाहून कुणाचीही लेखणी शिवशिवेल. तरी दोन्ही फाटे एका कादंबरीत घेऊ नका. 1755 घेतलं तर 1802 तसं घडतच नाही, आणि वाचकाला दोन्ही तारखा सांभाळायला लावल्या की तो माणसांकडे बघायचं विसरतो. 1802 वर स्वतंत्र दीर्घकथा लिहावी, ती उत्तम होईल.

आता मघाच्या बारकाव्याकडे येतो. 1755 ला वाट फुटली तर आजच्या दोन विश्वांत एकसारखी माणसं असतील का? नसतील. कुणाचं लग्न कुणाशी झालं, मूल कोणत्या दिवशी राहिलं, पटकीच्या साथीत कोण वाचलं, हे सगळं बदलत गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनी तिथे तुमचा जुळा भेटणं अशक्य. नारळीकरांच्या कथेत मुलगा सापडत नाही ते याचमुळे पटतं. पण मारेकऱ्याच्या कादंबरीला तर जुळे हवेतच. किथ लॉमर या अमेरिकन लेखकाच्या ‘वर्ल्ड्स ऑफ द इम्पीरियम’ या 1962 च्या कादंबरीत नायकाला पळवून नेऊन दुसऱ्या विश्वात पाठवतात ते स्वतःच्याच जुळ्याला मारायला. मायकाया जॉन्सनच्या 2020 च्या ‘द स्पेस बिटवीन वर्ल्ड्स’मध्ये नियम असा, की ज्या विश्वात तुमचा जुळा आधीच मेला आहे तिथेच तुम्हाला पाऊल टाकता येतं. एका नियमातून तिने सगळी गोष्ट उभी केली, कारण ज्याचं आयुष्य सर्वांत हलाखीचं, तोच बहुतेक विश्वांत मेलेला असतो आणि तोच सर्वांत कामाचा प्रवासी ठरतो.

जुळे हवे असतील तर फाटा एका माणसाच्या आयुष्यात बसेल इतका अलीकडचा घ्यावा लागतो. हर्ण्यासाठी तो मी घेईन 3 जून 2020 चा. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगडच्या किनारपट्टीला झोडपून गेलं. पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, घरांवरची कौलं, पत्रे उडाले, कित्येक गावं दीर्घकाळ अंधारात राहिली. हवामान ही अशी गोष्ट आहे, की सुरुवातीचा नखभर फरक पुढे मोठा होतो. एडवर्ड लॉरेन्झने 1963 मध्ये हे गणितात दाखवलं. म्हणून एका विश्वात वादळ किनाऱ्यावर चढलं आणि दुसऱ्यात समुद्रातच वळून गेलं, हे विज्ञानाला धरून आहे. अलीकडचं आहे म्हणून एक पथ्य मात्र पाळावं. ज्यांची घरं आणि बागा गेल्या ते लोक तुमचे वाचक असणार आहेत. त्यांचं नुकसान कथानकाची सोय म्हणून वापरलेलं त्यांना लगेच कळेल.

तर विश्वं तीनच ठेवा. आपलं विश्व, जिथे वादळ आलं. जवळचं विश्व, जिथे ते आलं नाही आणि बागा उभ्या आहेत. आणि लांबचं विश्व, जिथे सुवर्णदुर्ग पडलाच नाही, हर्णे हे आरमाराचं मोठं ठाणं आहे आणि नायकाला ओळखणारा एकही चेहरा नाही. मारेकरी काम करतो जवळच्या विश्वात, लपायला जातो लांबच्या विश्वात. वाचकाला तीन विश्वं सहज लक्षात राहतात. चौथं आणायचा मोह झाला, तर तिसऱ्यातलं अजून काय लिहायचं राहिलं आहे ते आधी पाहा.

पार करायचा नियम काय असावा? इथे भौतिकशास्त्राशी खोटं बोलू नका. ह्यू एव्हरेटने 1957 मध्ये प्रिन्स्टनच्या आपल्या प्रबंधात मांडलं, की पुंजयामिकीय घटनेच्या सगळ्याच शक्यता प्रत्यक्षात येतात, प्रत्येकीची स्वतंत्र शाखा होते. पुढे 1970 च्या सुमारास ब्राइस डीविटने ही कल्पना लोकांपुढे नेली. पण याच सिद्धांताप्रमाणे एकदा वेगळ्या झालेल्या शाखा व्यवहारात एकमेकींना स्पर्श करत नाहीत. म्हणजे ओलांडून जाणं ही सर्वस्वी तुमची कल्पना आहे. वाचक अशी एक अशक्य गोष्ट उधार देतो, दुसरी देत नाही. म्हणून ‘एव्हरेटने सिद्ध केलं आहे की आपण जाऊ शकतो’ असं पात्राच्या तोंडी घालू नका. त्याऐवजी एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत तो मोडू नका. त्याचबरोबर भूतकाळात जाणं आणि शेजारच्या विश्वात जाणं यांची सरमिसळ करू नका. मारेकरी आजच्या तारखेतून आजच्याच तारखेत जातो. 1755 च्या फितुराला तो भेटू शकत नाही.

हर्ण्यासाठी नियम समुद्राकडूनच घ्यावा. समजा, ओलांडता येतं ते फक्त उधाणाच्या मोठ्या ओहोटीला, सुवर्णदुर्गाच्या पायथ्याचे एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात तेव्हा. उधाण अमावास्येला आणि पौर्णिमेला, मध्ये भांगाचं पाणी. म्हणजे एकदा पलीकडे गेलं, की साधारण पंधरवडा तिथेच अडकायचं. चंद्र तिन्ही विश्वांत तोच आहे, 1755 च्या फितुराने काय किंवा 2020 च्या वादळाने काय, त्याच्या फेऱ्यात फरक पडलेला नाही. त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ तिन्हीकडे एकच आणि मारेकऱ्याचं घड्याळ तेच. भरती रोज अंदाजे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्याला तांडेलासारखं तोंडपाठ असलं पाहिजे. पाऊस मात्र प्रत्येक विश्वात वेगळा. हर्ण्यात हवामान खात्याचं केंद्र आहे, कोकणच्या पावसाच्या आकड्यांत हर्ण्याचं नाव नेहमी वाचायला मिळतं. काल किती पाऊस झाला एवढं विचारून मारेकऱ्याला आपण कुठे आहोत ते कळावं. आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. त्या दिवसांत तो जिथे अडकला तिथेच अडकला. कादंबरीचा मधला भाग तुम्हाला असा आपसूक मिळतो.

आता मारेकरी. बाबूराव अर्नाळकरांपासून मराठीत थराराची मोठी परंपरा आहे, त्यामुळे चपळ, अचूक, निर्दय माणूस रंगवणं आपल्या लेखकांना जमतं. तेवढ्यावर भागत नाही. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं ते मराठी मनातून अजून जात नाही. याचं कारण तलवारीत नाही, नात्यात आहे: मरणारा 18 वर्षांचा पोरगा, तो आसऱ्याला धावला तो चुलत्याकडे, आणि कटाचा ठपका त्याच चुलत्यावर. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्या चुलत्याला, राघोबादादांना, दोषी धरलं म्हणून ती हकिगत पूर्ण होते. खून लिहिताना हत्याराचं वर्णन दोन ओळींत उरका, नात्याला वीस पानं द्या. आणि तुमच्या कादंबरीत कुणीतरी रामशास्त्री असू द्या, मग ती मारेकऱ्याची म्हातारी आई का असेना.

माझ्या मनातलं कथानक सांगतो, त्यावर तुम्ही तुमचं रचा. मारेकऱ्याचा मेहुणा आपल्या विश्वात वादळात गेला. बागेतलं झाड कोसळून. मारेकऱ्याने स्वतः खांदा दिला, बहिणीला सावरलं. जवळच्या विश्वात तोच मेहुणा हयात आहे, बाग उभी आहे, बहिणीच्या कपाळाला कुंकू आहे. एके पहाटे मेहुण्याने आपल्या बायकोच्या भावाला, म्हणजे मारेकऱ्याच्या तिथल्या जुळ्याला, बोटीवर जाताना पाहिलं, आणि तासाभराने तोच माणूस ओल्या खडकांवरून एकटा चालत येताना पाहिला. त्याने हे कुणाला सांगायच्या आत त्याला संपवण्याचा हुकूम आहे. ज्याचं सुतक एकदा पाळलं त्याला आता आपल्या हाताने मारायचं. इथे मरण आपोआप महाग होतं, कारण या मारेकऱ्याला ते घर रडताना कसं दिसतं हे आधीच ठाऊक आहे. ‘दुसऱ्या विश्वात तो जिवंत आहेच’ हे समाधानही त्याला घेता येत नाही, कारण ते दुसरं विश्व म्हणजे त्याचं स्वतःचंच, आणि तिथे तो गेलेला आहे.

असा प्रसंग जवळून कसा लिहावा, याचा एक नमुना देतो.

लिलाव सुरू झाला होता. पुळणीवर सुरमईचे ढीग लागले होते, भोवती व्यापाऱ्यांचं कडं. तो कड्याच्या बाहेर उभा राहिला. एक म्हातारी टोपली खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. “काय रे, आज बोटीवर नाही गेलास?” “नाही, आत्ये. अंग मोडून आलंय.” “सकाळी तर गेलास. मी धक्क्यावरच होते.” त्याने बर्फाच्या गाडीकडे बघितलं. तिथे मेहुणा उभा होता, वजनात थोडा वाढलेला, कानावर पेन्सिल अडकवलेली. जिवंत माणूस वजनाने वाढतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. “अहो,” मेहुण्याने हाक मारली, “ताई म्हणाली, येताना कोळंबी आणा.”

यात समांतर विश्व हा शब्द नाही, सुरा नाही. म्हातारीच्या साध्या प्रश्नातून धोका कळतो आणि वाढलेल्या वजनातून गेलेली वर्षं कळतात. अशा प्रसंगांनी पहिली शंभर पानं भरली तर स्पष्टीकरणाला दोन पानं पुरतात.

लांबच्या विश्वातल्या मराठीवर वेगळी मेहनत घ्यावी लागेल. इंग्रजांची सत्ता तिथे पसरलीच नाही, तर टेबल, स्टेशन, पोलीस, तिकीट हे शब्द तिथल्या माणसाच्या तोंडी कुठून येणार? पगार, चावी, साबण, लिलाव राहतील, कारण ते पोर्तुगिजांकडून त्याआधीच आलेले. फारसी शब्द आपल्यापेक्षा जास्त असतील. गुराब, गलबत, पाल ही आंग्र्यांच्या जहाजांची नावं नव्या यंत्रांना चिकटलेली असतील. ही प्रकरणं लिहून झाली की एकेक इंग्रजी शब्द शोधून काढा. कष्टाचं काम आहे, पण वाचकाला आपण दुसरीकडे आल्याचं कळतं ते वर्णनाच्या आधी बोलीतून.

हर्ण्याला जाऊन आल्याशिवाय मात्र लिहू नका. दापोलीहून एसटीने तासाभरात पोचता येतं. पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर जावं, म्हणजे सुवर्णदुर्गाला होडी मिळते. जवळ जाईपर्यंत महादरवाजा नजरेला पडत नाही. तो पूर्वेकडे, किनाऱ्याच्या बाजूला, बुरुजांच्या आड दडवलेला आहे. पायरीवर कासव कोरलेलं, भिंतीत मारुती. पश्चिमेकडे समुद्रावर उघडणारा चोरदरवाजा आहे, तिथे उभं राहून खाली बघा आणि 1755 चा फितूर कुठून उतरला असेल याचा स्वतःशी विचार करा. तट कुठे कातळातून तासला आहे आणि कुठे वरून चिरे रचले आहेत हे हाताने चाचपून पाहा, जेम्सचे गोळे का वाया गेले ते तिथे कळतं. परतल्यावर कनकदुर्गावर दीपगृहापाशी जा, तिथून बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी पूर्ण दिसतं. संध्याकाळी लिलावाच्या वेळी बाजूला उभे राहा. ती माणसांच्या पोटापाण्याची वेळ असते, मध्ये लुडबुड करू नये, फोटो विचारूनच काढावा. एखाद्या तांडेलाला फुरसत असेल तर पाण्याविषयी विचारा, कथानकाविषयी नको.

एवढं सगळं एकदम कादंबरीत ओतण्याआधी पाच-सहा हजार शब्दांची कथा लिहून बघा, फक्त जवळच्या विश्वातली, मेहुण्याच्या दारात मारेकरी पोचेपर्यंतची. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने अनेकांना वाट दाखवली आहे. 1974 मध्ये नारळीकरांनीही ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली कथा तिथेच पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव पाहून कुणी झुकतं माप देऊ नये. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. रहस्य आणि विज्ञान दोन्ही मानणारे ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारखे दिवाळी अंकही आपल्याकडे आहेत. कथा पाठवण्याआधी ती दोघांना वाचायला द्या. एक जण भौतिकशास्त्र शिकवणारा असावा, दुसरा हर्णे-पाजपंढरीतला, समुद्रावर जाणारा. पहिला तुमचा नियम तपासेल. दुसरा सांगेल की अष्टमीच्या दुपारी एवढी ओहोटी लागत नाही, आणि मग तो सबंध प्रसंग अमावास्येला न्यावा लागेल.